किंग्ज लिन बघायचं असेल तर आधी नदीकडून बघा

प्रश्न असा होता की लंडनहून एक दिवस काढून नॉरफोकमधल्या किंग्ज लिनला जायचं आहे, तिथे जुनं बंदर आहे असं ऐकलंय, पण फोटोत तर नुसत्या विटांची साधी घरं दिसतात, मग जाण्यासारखं खरंच काय आहे आणि बघायचं कसं. मी इकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम बरीच वर्षं करते, जास्त करून पूर्व इंग्लंडात, म्हणजे विटा चुना लाकूड हाच रोजचा विषय, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतेय, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, फोटोत जी साधी विटांची घरं दिसतात ना, किंग स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट, नेल्सन स्ट्रीटवरची, ती रस्त्याकडून बघून काहीच कळत नाही. रस्त्याकडचा दर्शनी भाग बहुतेक ठिकाणी १८व्या शतकातला आहे, सरळ रेषेत खिडक्या, मधे दार, सगळं नीटनेटकं. पण तो नुसता चेहरा आहे. त्याच्या मागे त्या चेहऱ्याहूनही दोनशे-तीनशे वर्षं जुनी लाकडी चौकट असते, खाली कधी दगडी तळघर असतं, आणि घर मागे मागे नदीपर्यंत जातच राहतं. म्हणून माझं म्हणणं असं की या गावात समोरून घरं बघत फिरू नका, बोळात शिरा, कमानीतून आत डोकवा, आणि जमेल तेव्हा नदीच्या बाजूने बघा, मग सगळं उलगडतं.

असं का झालं ते सांगते.

ग्रेट ऊस नावाची नदी इथून जाते आणि पुढे वॉश नावाच्या उथळ खाडीत मिळते. अकराव्या शतकात इथे गाळाची जमीन, भरतीचं पाणी, आणि मीठ पिकवणारे लोक, एवढंच होतं. मीठ काढून झालं की उरलेल्या गाळाचे ढीग साचायचे आणि त्या ढिगांमुळेच जरा उंच कोरडी जागा तयार झाली. नॉर्विचचा बिशप हर्बर्ट द लोसिंगा याने ११०० च्या आसपास इथे सेंट मार्गारेटचं चर्च बांधायला घेतलं आणि शनिवारचा बाजार सुरू केला. व्यापार एवढा वाढला की बाराव्या शतकाच्या मध्यावर पुढच्या बिशपने उत्तरेला अजून एक वस्ती आखली, तिला मंगळवारचा बाजार आणि सेंट निकोलसचं चॅपल दिलं. म्हणजे गावाला दोन पेठा, एक शनिवारची एक मंगळवारची, पुणेकरांना हे वेगळं समजावायला नको! दोन्ही चौक आजही त्याच नावाने आहेत, आणि मंगळवारचा चौक तर इतका मोठा आहे की एवढ्याशा गावात तो बघून माणूस चकित होतो. तिथे दर वर्षी १४ फेब्रुवारीला जत्रा सुरू होते, ती परंपराही काही शतकांची आहे.

गाव बिशपच्या मालकीचं म्हणून नाव बिशप्स लिन. १२०४ मध्ये जॉन राजाने सनद दिली आणि गावाला स्वतःचा कारभार मिळाला. त्याच सुमारास राजाने बंदरांतल्या व्यापारावर जो कर लावला होता त्याच्या वसुलीत लिन देशातल्या पहिल्या पाचांत होतं, लंडन, बॉस्टन (इंग्लंडमधलं, अमेरिकेतलं नव्हे), साउदॅम्प्टन, लिंकन यांच्या पंक्तीत. आज गाडीतून उतरल्यावर यावर विश्वास बसत नाही पण आकडे आहेत. हाच जॉन राजा ऑक्टोबर १२१६ मध्ये लिनला मुक्कामाला होता, इथून निघाला आणि त्याचं सामानसुमान, त्यात म्हणे खजिना पण, वॉशच्या चिखलात भरतीने गिळला, आणि आठवड्याभरात राजा नेवार्कला वारला. गावात किंग जॉन कप नावाचा चांदीचा सोन्याचा मुलामा दिलेला सुंदर मीनाकारी पेला दाखवतात, तो मात्र १३४० च्या सुमारास घडवलेला आहे, म्हणजे जॉनच्या नंतर शंभरेक वर्षांनी. नावावर जाऊ नका पण पेला नक्की बघा, त्यावरच्या माणसांचे कपडे बघा. पुढे १५३७ मध्ये आठव्या हेन्रीने बिशपकडून गाव काढून घेतलं आणि नाव किंग्ज लिन झालं.

आता नदीकडे परत. तेराव्या शतकात एक मोठा बदल झाला, ग्रेट ऊसचं पाणी आधी विस्बेचकडून समुद्राला जायचं ते लिनकडे वळलं. त्यामुळे केंब्रिज, ईली, बेडफर्ड, हंटिंग्डन, हे सगळे आतले भाग होडीने लिनशी जोडले गेले. रस्ते तेव्हा असे होते की जड माल नेणं म्हणजे पाण्यानेच. तर आतून धान्य, लोकर, कापड, आणि लिनचं स्वतःचं मीठ बाहेर जायचं, आणि बाहेरून फ्रान्समधल्या गॅस्कनीची दारू, नॉर्वेतून सुकवलेली मासळी, बाल्टिक समुद्राकडून लाकूड, डांबर, मेण, फर. पुढच्या काळात न्यूकॅसलचा कोळसा. मोठ्या जहाजातून छोट्या होडीत आणि छोट्या होडीतून मोठ्या जहाजात माल चढवणं उतरवणं हाच गावाचा धंदा, सहाएकशे वर्षं.

आणि या धंद्यातूनच घराचा आराखडा आला. प्रत्येक व्यापाऱ्याला हवं रस्त्यावर दार आणि नदीवर धक्का. म्हणून जमिनीचे तुकडे अरुंद आणि खूप लांब पडले. रस्त्याकडे दुकान किंवा पेढी आणि वर राहायची जागा, मग चौक, चौकाच्या कडेने स्वयंपाकघर, कोठ्या, मग गोदामं, आणि शेवटी पाणी. चौकात शिरायला गाडी जाईल एवढी कमान. एकाच आवारात राहणं, हिशोब, माल, जहाज, सगळं. ही एक ओळ लक्षात ठेवली की गावातलं जवळजवळ प्रत्येक मोठं घर तुम्ही स्वतः वाचू शकता.

त्यात अजून एक गंमत. नदी जागेवर राहिली नाही, पश्चिमेकडे सरकत गेली. थोडं आपोआप, गाळ साचून, पण बरंचसं माणसांनी केलेलं, व्यापारी पाण्यात लाकडी कुंपण ठोकायचे, मागे कचरा शेणखत गाळ टाकून भराव करायचे, की पुढे नवा धक्का. पन्नास-शंभर वर्षांनी परत तेच. त्यामुळे प्रत्येकाचं आवार पिढ्यानपिढ्या पाण्याच्या दिशेने लांबत गेलं. सुरुवातीला सेंट मार्गारेट चर्चच्या पश्चिम दारासमोरच नदी होती, आता मधे रस्ता आहे, घरं आहेत, गोदामं आहेत, मग धक्का, मग पाणी. थोर्सबी कॉलेज म्हणून एक इमारत आहे, १५०० च्या सुमारास थॉमस थोर्सबी नावाच्या व्यापाऱ्याने गिल्डच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या धार्मिक संघाच्या, पुजाऱ्यांना राहायला बांधलेली, तिच्या चौकात फरशीवर खूण केलेली आहे की तेराव्या शतकात नदीचा काठ इथे होता. त्या खुणेवर उभं राहून पश्चिमेकडे बघा, आजची नदी किती लांब आहे ते. मला विचाराल तर अख्ख्या गावातली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे, आणि लोक तिच्यावर पाय देऊन निघून जातात.

आता ज्या इमारती चुकवायच्याच नाहीत त्यांच्याबद्दल.

हॅन्स हाऊस. उत्तर जर्मनी आणि बाल्टिकच्या शहरांचा जो व्यापारी संघ होता, हॅन्सा, त्यांची ही वखार. इंग्लंड आणि हॅन्सा यांच्यात समुद्रावर लुटालूट, जप्त्या, शेवटी लढाई झाली, आणि १४७४ च्या उट्रेख्टच्या तहात त्यांना लंडन, बॉस्टन आणि लिन इथे जागा मिळाल्या. लिनची वखार १४७५ पासून उभी राहिली. लंडनची गेली, तिथे आज कॅनन स्ट्रीट स्टेशन आहे, बॉस्टनची पण गेली, लिनची उरली, इंग्लंडमधली एकुलती एक. चौकाभोवती चार बाजू, दोन लांब गोदामं नदीकडे जाणारी, खाली विटा आणि वर लाकडी मजला थोडा पुढे काढलेला. सेंट मार्गारेट लेन नावाच्या बोळातून चालत गेलात तर ती भिंत हाताशी येते. १७५१ मध्ये जर्मन शहरांनी ती विकली आणि नव्या मालकाने चर्चकडच्या बाजूला एकदम फॅशनेबल जॉर्जियन घर बांधलं. म्हणजे चर्चसमोर उभं राहिलात तर १८वं शतक दिसतं, बोळात दहा पावलं गेलात की १५वं. मी म्हणते ते ‘चेहरा आणि मागचं घर’ समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

हॅम्प्टन कोर्ट, नेल्सन स्ट्रीटवर. नाव लंडनच्या राजवाड्यासारखं पण संबंध नाही. चारही बाजू वेगवेगळ्या काळात बांधल्या गेल्या, चौदाव्या शतकापासून पुढे. नदीकडच्या बाजूला कमानींची रांग होती, जहाज थेट तिथे लागायचं आणि माल आत. नदी पुढे सरकल्यावर कमानी बंद केल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत वाचता येतात, विटांचा रंग आणि सांधा वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही इमारत पडायच्या बेतात होती, किंग्ज लिन प्रिझर्वेशन ट्रस्टने ती तुकड्या तुकड्याने विकत घेऊन वाचवली. आज लोक राहतात तिथे, त्यामुळे चौकात जरा अदबीने शिरा.

क्लिफ्टन हाऊस, क्वीन स्ट्रीट. दारात दोन पिळाचे खांब आहेत, १७०८ च्या सुमाराचे, ते फोटोत सगळे काढतात. पण आत तेराव्या शतकाच्या फरश्या जागच्या जागी आहेत, चौदाव्या शतकाचं तळघर आहे, आणि मागे विटांचा पाच मजली मनोरा, पहिल्या एलिझाबेथच्या काळातला. मनोऱ्यावरून नदी दिसते, म्हणजे आपलं जहाज आलं का ते बघायचं, आणि आपण किती श्रीमंत आहोत ते शेजाऱ्यांना दाखवायचं, दोन्ही कामं. हे खाजगी घर आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, सप्टेंबरमधल्या हेरिटेज ओपन डेला गावातली अशी बरीच बंद दारं उघडतात, तारीख जुळवता आली तर तेव्हाच जा.

कस्टम हाऊस. हे सगळ्या पोस्टकार्डांवर असतं आणि ते बरोबरच आहे. १६८३ मध्ये व्यापाऱ्यांनी भेटून सौदे करायची जागा म्हणून सर जॉन टर्नरने बांधून घेतलं, वास्तुकार हेन्री बेल, जो स्वतः लिनचा व्यापारी आणि दोनदा महापौर. खालचा मजला तेव्हा उघड्या कमानींचा होता, वर कचेरी, पुढे कस्टमवाल्यांनी ते घेतलं. खाली साधे डोरिक, वर आयोनिक अर्धस्तंभ (या ग्रीक खांबांच्या दोन शैली), उतरतं छप्पर आणि मधे छोटा मनोरा. आकाराने लहान आहे पण तीन बाजू मोकळ्या आणि पर्फ्लीट नावाच्या नाल्याच्या काठावर, त्यामुळे पाण्यात प्रतिबिंब पडतं. हॉलंडची छाप स्पष्ट आहे, आणि असणारच, कारण लिनच्या माणसाला रॉटरडॅम हे यॉर्कपेक्षा जवळचं होतं. शेजारी कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा पुतळा आहे, तो याच गावचा, जन्म १७५७.

दोन गिल्डहॉल आहेत, गोंधळ होतो म्हणून सांगते. शनिवारच्या चौकातला होली ट्रिनिटी गिल्डचा, समोरची भिंत काळा चकमकीचा दगड आणि पांढरा दगड अशी बुद्धिबळाच्या पटासारखी. जुना हॉल १४२१ च्या आगीत जळला आणि हा नवा बांधला. त्या आगीची हकीकत आपल्याला मार्जरी केंप या बाईकडून कळते, लिनच्या महापौराची मुलगी, चौदा मुलांची आई, गावभर रडत प्रार्थना करणारी, तीर्थयात्रेला जेरुसलेमपर्यंत जाऊन आलेली. तिने सांगितलंय की आग चर्चकडे सरकत होती आणि तिच्या प्रार्थनेनंतर बर्फ पडला. तिचं आयुष्य तिने सांगून लिहवून घेतलं म्हणून त्या काळच्या लिनमधल्या एका बाईचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो, मला हे फार मोठं वाटतं. दुसरा सेंट जॉर्ज गिल्डहॉल किंग स्ट्रीटवर, १५व्या शतकाच्या सुरुवातीचा, इंग्लंडमध्ये उरलेल्या मध्ययुगीन गिल्डहॉलमध्ये सगळ्यात मोठा. शेक्सपिअरने इथे काम केलं असं गावात सांगतात, ते बाजूला ठेवलं तरी छपराच्या लाकडांसाठी, उघडा असेल तर, आत जा, आणि मग बाजूच्या बोळाने नदीपर्यंत चालत जा, गोदामं एकामागे एक कशी लागतात ते पायाखाली कळतं.

चर्चेस. सेंट निकोलस चॅपलच्या छपरात लाकडी देवदूत आहेत, पंख पसरलेले, हातात वाद्यं, १५व्या शतकाच्या सुरुवातीचे, मान दुखेपर्यंत बघा. सेंट मार्गारेटमध्ये, ज्याला २०११ पासून मिन्स्टर (चर्चला मिळणारी एक मानाची पदवी) म्हणतात, दोन प्रचंड पितळी पत्रे आहेत, अ‍ॅडम द वॉल्सोकन (१३४९) आणि रॉबर्ट ब्रॉन्श (१३६४) या व्यापाऱ्यांच्या कबरींवरचे, बनवून आणलेले फ्लँडर्सहून, म्हणजे आजच्या बेल्जियमकडून. ब्रॉन्शच्या पत्र्यावर खाली मोराची मेजवानी कोरलीय. पश्चिमेकडच्या मनोऱ्यात आत उभं राहून खांब बघा, चक्क कललेले आहेत, कारण खाली गाळ. सप्टेंबर १७४१ च्या वादळात याच चर्चचा शंकूसारखा कळस तुटून खालच्या छपरावर पडला आणि मधला भाग परत बांधावा लागला, त्याच वादळात सेंट निकोलसचा कळस पण पडला. बाहेर घड्याळासारखी एक तबकडी आहे, मूळची १६८३ ची कल्पना, ती वेळ दाखवत नाही तर भरती कधी ते दाखवते, काट्याच्या जागी हिरवा ड्रॅगन. बंदराच्या गावात माणसाला तेच आधी हवं असणार.

आणि पश्चिम दाराच्या कडेला पुराच्या रेघा कोरल्यात, वर्षांसकट. १९५३ ची आहे, त्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राचं पाणी चढलं आणि लिनमध्ये १५ माणसं गेली. १९७८ ची रेघ त्याच्याही वर आहे, २०१३ ची पण आहे. आज धक्क्यावर जी भिंत आणि लोखंडी दारं दिसतात ती यासाठी. नदीचं कौतुक करताना हे विसरायचं नाही, इथली प्रत्येक तळमजल्याची भिंत कधी ना कधी खारं पाणी प्यायलेली आहे.

इथे माझ्या कामाचं थोडं बोलते कारण ते बघतानाही उपयोगी पडेल. या भागात चांगला इमारतीचा दगड नाही. चर्चसाठी दगड आतल्या भागातल्या खाणींतून नदीने आणला, जवळपास मिळतो तो कारस्टोन, तपकिरी, गंजल्यासारखा. म्हणून विटा, आणि त्या इथे इंग्लंडच्या बऱ्याच भागांपेक्षा लवकर आल्या. जुन्या विटा मऊ असतात, मधे चुना असतो तोही मऊ, पाणी आत जातं आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं, भिंत श्वास घेते म्हणा. विसाव्या शतकात कित्येक ठिकाणी लोकांनी दर्जा सिमेंटने भरल्या. मग पाणी दर्जांतून निघू शकत नाही, ते विटेतून निघतं, सोबत मीठ, मीठ विटेच्या पृष्ठभागामागे साचून फुगतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. लिनच्या बोळात फिरताना खोल खड्डे पडलेल्या विटा आणि त्यांच्या मधे जाळीसारख्या पुढे आलेल्या करड्या रेषा दिसल्या तर समजा तिथे सिमेंट भरलंय. हे बघून मला खरंच त्रास होतो कारण चारशे वर्षं टिकलेली वीट चाळीस वर्षांत जाते. नव्या दुरुस्त्या चुन्यातच होतात, आणि ‘साउथ की’ या नदीच्या धक्क्यावरचं मॅरियट्स वेअरहाऊस, १५८० च्या दशकातलं, खाली दगड वर विटा, हे भिंत जवळून बघायला चांगलं आहे.

एवढं सगळं उरलं कसं, हाही प्रश्न येतो. १८४६-४७ मध्ये रेल्वे आली आणि आतल्या भागाचा माल नदीऐवजी रुळांवरून जायला लागला. बंदर मेलं नाही, अलेक्झांड्रा डॉक १८६९ मध्ये आणि बेंटिंक डॉक १८८३ मध्ये बांधले, पण ते गावाच्या उत्तरेला, त्यामुळे जुना काठ ओस पडला. पैसा कमी म्हणून कोणी पाडून नवं बांधलं नाही. खरा घाव १९६० च्या दशकात बसला, लंडनची जादा वस्ती इथे वसवायचा करार झाला, दुकानं आणि पार्किंगसाठी गावाच्या मध्यातले रस्तेच्या रस्ते पाडले. आज स्टेशनवरून चालत येताना जो रटाळ भाग लागतो तो तोच. तिथे निराश होऊन परत फिरू नका, पश्चिमेकडे चालत राहा.

आता दिवस कसा काढायचा. किंग्ज क्रॉसहून थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास, केंब्रिज आणि ईलीवरून. ईलीनंतर खिडकीत बसा, सपाट काळी जमीन आणि उंच बांधलेले कालवे दिसतात, सतराव्या शतकात डच इंजिनिअर व्हर्मायडनने ही दलदल उपसायला घेतली, त्याचं डेन्व्हरचं स्लूस, म्हणजे पाणी अडवायचं दार, १६५१ चं, आणि त्याने नदीत गाळ वाढला म्हणून लिनचे व्यापारी पुढे कित्येक वर्षं भांडत होते. गावात पोचल्यावर सेंट मार्गारेटपासून सुरू करा, मग थोर्सबी कॉलेजची खूण, हॅन्स हाऊसचा बोळ, नेल्सन स्ट्रीट, परत धक्क्याने उत्तरेला कस्टम हाऊस, किंग स्ट्रीट, मंगळवारचा चौक, शेवटी सेंट निकोलस. भरती-ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, मोठ्या भरतीला इथे पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं उतरतं, ओहोटीला नुसता चिखल आणि भरतीला काठोकाठ, दोन्ही बघायला मिळालं तर धक्के एवढे उंच का बांधले ते लगेच कळतं.

आणि जमलंच तर पलीकडे वेस्ट लिनला जा. किंग स्ट्रीटजवळच्या फेरी लेनमधून होडीची जुनी फेरी आहे, ती चालू आहे का ते निघायच्या आधी तपासा, नसेल तर दक्षिणेकडच्या पुलावरून चालत किंवा टॅक्सीने. पलीकडच्या काठावरून गोदामांच्या पाठी, क्लिफ्टन हाऊसचा मनोरा, कस्टम हाऊस, दोन्ही चर्चं, सगळं एका ओळीत दिसतं, आणि बर्गनहून किंवा ल्युबेकहून आलेल्या खलाशाला गाव दिसायचं ते याच बाजूने. कॅमेऱ्याची बॅटरी तिथपर्यंत राखून ठेवा, दुपारनंतर गेलात तर ऊन बरोबर त्या भिंतींवर असतं.